शब्दचर्चा: माल 'पातळ' झाला म्हणजे नेमकं काय झालं?

टिपणकार: इंजेक्शन मोल्डिंगच्या (तापवून पातळ केलेलं प्लॅस्टिक साच्यात ढकलायच्या) मशीनवर नव्याने येणाऱ्या मुलांसाठी मराठीत टिपण करतोय. 'व्हिस्कॉसिटी'पाशी, म्हणजे माल वाहायला किती अडतो त्या शब्दापाशी, अडलोय. छापील मराठीत 'श्यानता' दिसतो, 'विष्यंदिता'ही दिसतो, पण शॉपवर, म्हणजे कारखान्यात, दोन्ही कुणाच्या तोंडी नाहीत. 'चिकटपणा' लिहिला तर चालेल का? आणि 'शिअर थिनिंग'ला, म्हणजे जोरात ढकलल्याने माल पातळ होण्याला, काय म्हणायचं?

निवृत्त मास्तर: 'चिकटपणा' नको. पीस साच्याला चिकटणं हा तुमच्याकडे रोजचा ताप. त्याच टिपणात दोन पानांनी 'पीस चिकटला' लिहाल आणि मुलं गोंधळतील. 'दाटपणा'ही नको, तो घनतेकडे ओढतो. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, पण 20 अंशांना त्याची श्यानता पाण्याच्या जेमतेम दीडपट. जड असणं, चिकटणं आणि वाहायला अडणं या तीन निराळ्या गोष्टी. तुम्हाला तिसरी हवी आहे.

जाता जाता, 'दाणा बॅरलमध्ये (मशीनच्या तापत्या नळीत) विरघळतो' असंही लिहू नका. मीठ विरघळतं, मेण वितळतं. आपण सर्रास 'बर्फ विरघळला' म्हणतो, तिथून ही सवय लागते.

मोल्डवाले: मास्तर, सगळाच माल वितळतो असंही नाही हो! पॉलिप्रॉपिलीन, नायलॉन वितळतात. एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकना ठरावीक वितळणबिंदू नसतो, ते मऊ होत होत वाहायला लागतात.

बाकी टिपणकार, शॉपवर 'माल घट्ट आहे', 'माल पातळ चाललाय' एवढ्यावर काम भागतं. घट्ट असला की शॉर्ट (साचा अर्धवट भरतो), पातळ झाला की फ्लॅश (साच्याच्या फटीतून माल बाहेर येतो). मी 'घट्टपणा' लिहीन आणि 'श्यानता' एकदाच, पहिल्या पानावर.

टिपणकार: पण पातळ कशामुळे झाला? गरम झाला म्हणून की जोरात ढकलला म्हणून? दोन्हींना 'पातळ'च म्हणायचं?

मोल्डवाले: गोम तिथेच आहे. तापमानाला हात न लावता इंजेक्शन स्पीड वाढवा, तरी माल पातळ होतो. पॉलिमरच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. प्रवाह जोराचा झाला की गुंता सुटतो आणि त्या प्रवाहाच्या दिशेने ओढल्या जातात. पाण्याला हे लागू नाही, कितीही जोरात ढकला. शिवाय अरुंद गेटमधून (साच्यात माल शिरायच्या तोंडातून) जाताना घर्षणाने माल तापतो, तेव्हा दोन्ही कारणं एकदमच काम करतात. म्हणून वेग सांगितल्याशिवाय 'याचा घट्टपणा इतका' या वाक्याला अर्थ नाही.

एमएफआय (मेल्ट फ्लो इंडेक्स, माल किती वाहतो त्याचा आकडा) घ्या. पॉलिथिलीनला 190 अंश, पॉलिप्रॉपिलीनला 230, वर 2.16 किलोचं वजन, आणि 10 मिनिटांत किती ग्रॅम माल बाहेर आला ते मोजायचं. ही फार संथ चाल झाली. गेटमध्ये शिअर रेट, म्हणजे मालाचे थर एकमेकांवरून सरकण्याचा दर, सेकंदाला हजारांत, कधी दहा हजारांवर जातो. त्यामुळे सारख्या एमएफआयचे दोन ग्रेड साच्यात वेगळे वागू शकतात. पोत्यावरचा आकडा बघून सेटिंग लावणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

शब्दवेडा: 'शिअर'ला 'कर्तन' म्हणतात, पण ते ऐकलं की मला केशकर्तनालयच आठवतं. इथे कापलं काहीच जात नाही. भिंतीलगतचा थर मागे राहतो आणि मधला पुढे सरकतो. 'घसर' कसा वाटतो? शिअर रेट म्हणजे 'घसरवेग', शिअर थिनिंग म्हणजे 'घसरीने पातळ होणं'.

निवृत्त मास्तर: 'घसरवेग' छान. 'घसरीने' मात्र लिहू नका, पाय घसरल्यासारखं वाटतं. 'वेगामुळे पातळ होणं' पुरे.

रबरवाली: दादा, टिपण रबराच्या मुलांनाही देणार असाल तर दोन ठिकाणी ते दगा देईल. एक, 'नंबर वाढला'. प्लॅस्टिकवाल्यांचा एमएफआय वाढला म्हणजे माल पातळ. आमचा मूनी चाचणीचा आकडा वाढला म्हणजे माल घट्ट! आम्ही 100 अंशांना 1 मिनिट तापवून पुढची 4 मिनिटं रोटर फिरवतो आणि त्याला होणारा विरोध मोजतो. एमएफआय किती वाहिलं ते सांगतो, मूनी किती अडलं ते.

दुसरं, 'गरम केलं की पातळ'. रबर आधी पातळ होतं खरं, पण पुढे साखळ्यांना साखळ्या जोडल्या जातात आणि मग ते परत कधीच वाहत नाही. म्हणून आमची मांडणीच उलटी. प्लॅस्टिकमध्ये बॅरल गरम, साचा थंड. आमच्याकडे बॅरल 100 अंशांच्या आतबाहेर आणि साचा 150च्या पुढे. प्लॅस्टिकवरून आलेला मुलगा शॉर्ट दिसला की सवयीने बॅरल तापवतो, आणि कंपाउंड (मिसळून तयार केलेलं रबर) नोझलमध्येच, म्हणजे बॅरलच्या तोंडाशीच, स्कॉर्च होतं.

टिपणकार: ताई, स्कॉर्चला 'जळणं' लिहिलं होतं.

रबरवाली: काढून टाका. स्कॉर्च म्हणजे साचा भरायच्या आधीच क्युअर, म्हणजे साखळ्या जोडल्या जाणं, सुरू होणं. त्यात काही जळत नाही, कित्येकदा रंगही बदलत नाही. 'जळणं' बर्न मार्कसाठी ठेवा: साच्यात हवा कोंडते, दाबाने तापते आणि माल जिथे शेवटी पोचतो तिथे काळा डाग पडतो. त्याला व्हेंट (हवा बाहेर जायच्या फटी) साफ करायचे किंवा स्पीड कमी करायचा. स्कॉर्चला बॅरलचं तापमान उतरवायचं. शब्द एकच ठेवलात तर मुलगा चुकीचं बटण दाबणार.