पैसे भरूनही जाहिराती: तुमचा अनुभव काय?

वर्गणीही भरायची आणि वर जाहिरातीही बघायच्या, हे ओटीटीवर आता सर्रास झालंय. नेटफ्लिक्सने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहिरातींचा स्वस्त प्लॅन आणला, डिस्ने प्लसने पुढच्याच महिन्यात अमेरिकेत. ॲमेझॉन प्राइम व्हिडिओने मात्र उलटं केलं. जानेवारी २०२४ च्या अखेरीस अमेरिकेत चालू वर्गणीतच जाहिराती सुरू केल्या, नको असतील तर जादा पैसे भरा म्हणाले. माझ्या मते खरी मेख या फरकात आहे. स्वस्तात घेतलं तर जाहिरात आलीच, तक्रार कसली? पण आधीच पैसे भरलेल्या सेवेत ती घुसवली की डोकं फिरतं. तुमच्याकडे काय झालं ते लिहा. नुसतं 'वैताग आलाय' नको, नीट सविस्तर. जाहिराती चालतात त्यांनीही दबकू नये.

रहस्यप्रेमी
मला जाहिरातीपेक्षा तिच्या जागेचा राग आहे. परवा एक पोलीस मालिका बघत होतो. अधिकारी बाई संशयितासमोर खुर्ची ओढून बसते, फाईल उघडते, म्हणते, "त्या रात्री दार आतून बंद होतं, म्हणजे…" आणि पडद्यावर शाम्पू! केस झुलवत कुणीतरी हसतंय. परत आलो तर उरलेलं अर्धं वाक्य. कोण कुणाला काय म्हणालं, याचा संदर्भच गेला. टीव्हीसाठी लिहिताना लेखक ब्रेक धरूनच प्रसंग बांधतो, आधी एक ठोका देतो आणि मग थांबतो. सलग बघायला लिहिलेल्या गोष्टीत तशी जागाच नसते. ती मागाहून शोधतात, आणि शोधणाऱ्याने तो भाग पाहिलेला असतो की नाही देव जाणे.

घरचीच
आमच्या सासूबाई खूश आहेत. पॉज करायला रिमोट मागायचा म्हणजे त्यांना संकोच, त्यामुळे पूर्वी अवघडून बसून राहायच्या. आता जाहिरात लागली की उठतात, पाय मोकळे करतात, औषधाची गोळी घेतात. "बरं असतं गं मधे मधे," म्हणतात. मी काही बोलत नाही.

पडद्यामागचा
जाहिरात-तंत्रज्ञानातच काम करतो, त्यामुळे शिव्या खायला आलोय. एकाच ब्रेकमध्ये तीच जाहिरात दोनदा का लागते, हे मला घरीदारी विचारतात. एका प्रेक्षकाला एक जाहिरात किती वेळा दाखवायची याला मर्यादा घालतात, फ्रीक्वेन्सी कॅप म्हणतात. पण जाहिरातदार तीच जाहिरात वेगवेगळ्या मध्यस्थांमार्फत लावतो. प्रत्येकाची मोजणी वेगळी, एकाचं दुसऱ्याला कळत नाही. त्यांच्या लेखी तुम्ही ती एकेकदाच पाहिलेली असते. जागा विकलीच गेली नाही तर 'लवकरच परत येत आहोत' अशी पाटी बसते. म्हणजे कुणी काहीच विकत नसतं, तरी तुम्ही थांबलेले. आणि ॲड-ब्लॉकर का चालत नाही? बऱ्याच ठिकाणी जाहिरात सर्व्हरवरच मूळ व्हिडिओच्या धाग्यात शिवून पाठवतात. तुमच्या टीव्हीला दोन्ही सारखंच दिसतं.

रहस्यप्रेमी
@पडद्यामागचा, दोनदा कसली, आमच्याकडे एक विम्याची जाहिरात पोरांना पाठ झालीय. विमा मात्र कुणी काढलेला नाही.

जागरण
आवाजाचं कुणी लिहिलं नाही अजून. सिनेमातले संवाद कुजबुजल्यासारखे, म्हणून आवाज वाढवायचा, आणि तेवढ्यात जाहिरात दणकन अंगावर येते. पाळण्यातलं बाळ उठलं की त्या रात्रीचा सिनेमा संपला. जाहिरात कार्यक्रमापेक्षा मोठ्याने वाजवू नये, असा कायदा अमेरिकेत २०१० साली झाला, पण तो टीव्ही आणि केबलपुरता. स्ट्रीमिंगसाठी तसा कायदा कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये केला, लागू १ जुलै २०२६ पासून. तो मांडणाऱ्या लोकप्रतिनिधीला म्हणे सहकाऱ्याच्या तान्ह्या मुलीवरून सुचला. अगदी पटलं.

चष्मेवाली
माझी तक्रार जरा वेगळी, पॉजवरच्या जाहिरातीची. कथेत एक चिठ्ठी दाखवली, अक्षर बारीक, म्हणून थांबवून वाचायला गेले. चिठ्ठीवरच मोटारीची जाहिरात येऊन बसली. हटवायला बटण दाबलं तर सिनेमा पुढे. मागे नेलं तर मधला ब्रेक पुन्हा पहिल्यापासून. शेवटी मोबाईलने पडद्याचा फोटो काढला आणि फोटोत चिठ्ठी वाचली.

काटकसर
सगळे इतके का चिडलेत कळत नाही. मी मुद्दाम स्वस्त प्लॅन घेतलाय. तासाला चार-पाच मिनिटं जाहिराती असतात, टीव्हीच्या मानाने काहीच नाही. तेवढ्यात मोबाईल बघतो, जो मी तसाही बघतच असतो. फक्त लहान मुलांच्या कार्यक्रमात जाहिरात नको, एवढंच म्हणणं.

वार्षिकवाला
@काटकसर, तुम्ही निवडलंत, मी नाही. वर्षाचे पैसे आगाऊ भरलेले आणि मधेच ईमेल: 'मर्यादित जाहिराती' सुरू होतील. उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मागितले. ग्राहकसेवेचं उत्तर, सेवा सुरूच आहे, परतावा बसत नाही. तीन ईमेल झाले, प्रत्येकात आधी दिलगिरी, मग तेच. आता वार्षिक भानगड बंद. महिन्यापुरती एकच सेवा घ्यायची, जाहिरात नसलेली. यादीतलं बघून झालं की ती रद्द आणि दुसरी सुरू. रद्द करताना 'का सोडताय?' विचारतात, तिथे मी दर वेळी 'इतर' निवडून सविस्तर लिहितो.