रोझा बोनर, नताली आणि ‘फक्त मैत्री’वाले

शाईपेन
परवा इथे कुणीतरी लिहिलं, की जनावरांची चित्रं काढणारी फ्रेंच चित्रकार रोझा बोनर आणि तिच्यासोबत राहणारी नताली मिकास या निव्वळ जिवलग मैत्रिणी, त्या काळच्या बायका एकमेकींना गोडगोड लिहायच्याच, ‘तसलं’ तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं, आजकालच्या लोकांना सगळीकडे ‘तेच’ दिसतं. खाली माना डोलावणाऱ्यांची रांग. डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

या दोघींची ओळख अगदी पोरवयातली. ती 1889 मध्ये नताली गेली तोवर टिकली. 1860 पासून मुक्काम पॅरिसजवळ फाँतेनब्लोच्या जंगलाशेजारच्या वाड्यात. तो रोझाने चित्रांच्या कमाईतून घेतलेला. नतालीची आईसुद्धा तिथेच. घर नताली बघायची, आजारी जनावरं नताली बघायची. आणि ‘घोडेबाजार’ या रोझाच्या गाजलेल्या चित्राची लंडनच्या नॅशनल गॅलरीत जी लहान आवृत्ती आहे, ती रंगवायला सुरुवात नतालीने केली, वरून हात रोझाने फिरवला. सही अर्थात रोझाची! आता तिथे दोघींची नावं लावतात.

एखाद्या पुरुष चित्रकाराच्या घरात एखादी बाई इतकी वर्षं असं सगळं करत राहिली असती, तर तुम्ही पुरावे मागितले असते का हो?

घाटमाथा
ते ‘कुणीतरी’ म्हणजे मी. नाव घ्यायला काय झालं?
रोझाने म्हातारपणी ॲना क्लम्पकेला, म्हणजे शेवटी तिच्यासोबत राहिलेल्या अमेरिकन चित्रकर्तीला, स्वतःची हकीकत सांगितली, त्यात आपलं आयुष्य निष्कलंक होतं हे ठासून सांगितलंय. ती खोटारडी आणि तुम्ही खऱ्या? मेलेल्या माणसांच्या शेजघरात डोकावायचा सोस कशाला?

चहाटळ
तिच्याकडे विजार घालायचा पोलिसी परवाना होता ना? 1857 चा. डॉक्टरची सही, दर सहा महिन्यांनी नवा. आणि विजार घालून नाटकाला जायचं नाही, नाचाला जायचं नाही. म्हणजे गुरांच्या बाजारात चालेल, माणसांत नको. 🙂

शाईपेन
@घाटमाथा, शेजघर तुम्ही काढलंत. मी घराबद्दल बोलत होते.
त्याच हकीकतीत रोझा म्हणते, की मी पुरुष असते तर नतालीशी लग्न केलं असतं, मुलं झाली असती, ती वारस ठरली असती आणि कुणाला तक्रारीला जागा उरली नसती. हे पान तुम्ही गाळलंत. आणि ‘तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं’ हे तर विसराच. नटी शार्लट कुशमन आणि माटिल्डा हेज यांच्याबद्दल इंग्रज कवयित्री एलिझाबेथ ब्राउनिंगबाईंनी 1852 मध्येच पत्रात लिहून ठेवलंय: दोघींनी एकमेकींना जन्माच्या आणाभाका दिल्यात, एकसारखे कपडे घालतात, याला बायकाबायकांचं लग्न म्हणतात.

गिरगावकरीण
खरा मुद्दा वारसाचाच आहे, बाकी पाल्हाळ. रोझाने सगळं क्लम्पकेच्या नावे केलं. 1899 ला रोझा गेली आणि नातेवाईक बिथरले. शेवटी 1900 मध्ये पॅरिसला लिलाव करून क्लम्पकेने निम्मे पैसे त्यांना दिले.
माझी आत्या मास्तरीण. तिच्यासोबत कमलमावशी, आम्ही लहान असल्यापासून. चाळीतली खोली आत्याच्या नावावर. आत्या गेली, तेराव्याला माझे दोन्ही काका खोलीची किल्ली मागायला हजर. मावशी स्टोव्ह आणि शिवणयंत्र घेऊन भाचीकडे गेली. यंत्र तिचं होतं हे सिद्ध करायला तिला पावती शोधावी लागली.

पेन्शनर
भावनिक होऊ नका. रक्ताच्या माणसांनी कुठे जायचं? आमच्या थोरल्या बंधूंनी अख्खा फ्लॅट शेवटची दोन वर्षं डबा पोचवणाऱ्या माणसाला लिहून दिला. आम्ही कोर्टाच्या पायऱ्या झिजवतोय.

गिरगावकरीण
त्या दोन वर्षांत डबा तुम्ही का नाही पोचवलात?

पेन्शनर
तोंड सांभाळून बोला. तुम्हाला आमच्या घरातलं काय माहीत?

चहाटळ
रोझा कुठे गेली?

घाटमाथा
पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत. मिकास कुटुंबाच्या थडग्यात नतालीशेजारी. पुढे क्लम्पकेही तिथेच. ठीक आहे, घर दोघींचं होतं, मान्य. लग्न म्हणायला हवं असेल तर म्हणा, तुमच्या म्हणण्याने थडगं हलत नाही. पण मी ‘फक्त’ मैत्री म्हटलं म्हणून ती हलकी कशी ठरते, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

शाईपेन
काकांना किल्ली मिळाली आणि मावशीला पावती दाखवावी लागली. हलकी अशी ठरते.

पेन्शनर
नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, एवढं तरी शिकून घ्या सगळे. मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार घ्या. आणि माझ्या डब्याच्या प्रतिसादाला कुणी कायदेशीर उत्तर दिलेलं नाही, ते द्या आधी.