चर्चचा हॉल सहा दिवस कुलूपबंद का? पाळकांचं काम नेमकं किती?

जुना जालनेकर
मराठवाड्यातल्या आपल्या बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांचं ठरलेलं आहे: रविवारची उपासना, मधल्या वारी प्रार्थनासभा, वर्षातून एकदा कापणीचा सण. इकडे दसरा-दिवाळी झाली की बीड-जालन्याच्या तांड्यावस्त्यांवरून कोयते ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, म्हणून नवरा-बायको दोघंही जातात. पोरं एक तर फडावर, नाही तर म्हाताऱ्या आजीच्या जिवावर. आणि आपला हॉल बंद.

मागे राहिलेल्या पोरांचा संध्याकाळचा अभ्यास आणि जेवण हंगामभर त्या हॉलमध्ये व्हावं, आणि ते पाळकांच्या कामात धरलं जावं, असं माझं मत आहे. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे 1970 मध्ये जामखेडला आले. लोकांना औषधाआधी पाणी आणि अन्न हवं होतं, तर डॉक्टर असूनही त्यांनी त्यात हात घातला. गावातल्याच बायकांना, त्यातल्या कित्येक निरक्षर, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे मिळालं. जामखेड आपल्या आष्टी-पाटोद्याला लागून आहे. आपल्या किती पाळकांनी गावाला ‘तुम्हाला काय हवं?’ असं विचारलंय?

पंच, अंबड तालुका
साफ विरोध. आमच्या पाळकांकडे अनेक गावं आहेत. मयत, लग्न, आजाऱ्यांच्या घरभेटी, आणि पगार वेळेवर नाही. त्यात पोरांच्या जेवणाचा हिशेब? बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय वाचा. वचनाची सेवा सोडून पंक्ती वाढणं बरं नाही, असं प्रेषितांनीच सांगितलं. पाळक वचनात कच्चा राहिला तर मंडळी उपाशीच राहते.

बीडची परिचारिका
पंचसाहेब, तोच अध्याय पुढे वाचा ना. रोजच्या वाटपात विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी तक्रार होती, आणि ती मिटवायला मंडळीतून सात जण निवडले. काम टाळलं नाही, वाटून दिलं. आपणही निवडू, पण या वेळी बायका निवडा. आमच्या महिला मंडळात अंगणवाडी सेविका आहेत, बचत गट चालवणाऱ्या आहेत. त्यांच्या वाट्याला येतो फक्त सणाचा स्वयंपाक. ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवर 2019 मध्ये शासनाने समिती नेमली, सगळ्या राज्यात चर्चा झाली. आमच्या चर्चमध्ये त्यावर एका ओळीची प्रार्थनासुद्धा झाली नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

झेडपी गुरुजी
हेतू चांगला आहे, पण आजच्या वातावरणात पोरांना चर्चमध्ये जेवू घातलं की ‘धर्मांतर’ म्हणून ओरड होणार, आणि त्रास त्या आजीला होणार. शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते. तिलाच हात द्या. अनुदान उशिरा येतं, तेव्हा धान्य द्या. संध्याकाळी शिकवायला तरुण संघाची मुलं पाठवा. जेवणाला प्रार्थनेची अट नको.

पंच, अंबड तालुका
प्रार्थनाही नाही, मग चर्चचं त्यात काय राहिलं?

जुना जालनेकर
भुकेल्याला जेवू घालणं, हे मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभूने स्वतःच सांगितलंय, आणि त्याला अट लावलेली नाही. एकोणिसाव्या शतकातले मिशनरी नारायण शेषाद्री यांनी इथेच जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, तेव्हा उपदेशाबरोबर माणसांच्या राहण्या-जगण्याचीही सोय पाहिली. गुरुजींची सूचना मला मान्य आहे: मुलं शाळेतच राहतील, धान्य आणि शिकवणारे आपण देऊ. पण हॉल उघडाच हवा. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची रक्तदाब-साखर तपासायला तरी.

बीडची परिचारिका
तपासणीला मी येते. आणखी दोघी तयार आहेत. किल्ली कोणाकडे असते?

पंच, अंबड तालुका
किल्ली पास्टोरेट कमिटीकडे, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीकडे. लेखी अर्ज द्या. तपासणीला माझी हरकत नाही. जेवणाच्या प्रार्थनेबद्दल माझं मत बदललेलं नाही, ते मी वार्षिक सभेत मांडणार.