आकाशातले काळे ठिपके

बेंगळुरूच्या येलहंकातल्या एअर शोमधले ‘सूर्यकिरण’च्या जेट विमानांचे फोटो स्वच्छ आले, पण ‘सारंग’च्या हेलिकॉप्टरांमागे आकाशात काळे ठिपके, म्हणजे लेन्स बिघडली का, असं एकाने विचारलंय. लेन्स बिचारी निर्दोष आहे. जेटला आपण शटर स्पीड १/१६०० सेकंद ठेवतो, अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक; एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान) एफ/७.१च्या आसपास राहतं. हेलिकॉप्टरची पाती फिरताना दिसावीत म्हणून १/१२५वर उतरलं, की भर उन्हात जादा प्रकाश अडवायला कॅमेरा एफ/१६ गाठतो आणि इतक्या लहान भोकामुळे सेन्सरवरची (फोटो टिपणाऱ्या पट्टीवरची) धूळ ठसठशीत उमटते. धूळ दोन्ही वेळा तिथेच होती! एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी गडद काच, लावला तर अॅपर्चर उघडं ठेवता येतं.

निघायच्या आदल्या दिवशी एफ/१६वर, फोकस मुद्दाम घालवून, मोकळ्या आकाशाचा एक फोटो काढून बघा. ठिपके दिसले तर लेन्स काढून कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून रबरी ब्लोअर मारायचा. तोंडाने फुंकर अजिबात नको. मी एकदा मारली आणि थुंकीचा शिंतोडा काढायला ओला स्वॅब (सेन्सर पुसायची काडी) आणावा लागला. मैदानावर लेन्स बदलायचीच नाही, धूळ आत जाते. १००-४०० मिमीची झूम लेन्स लावली की ती घरी येईपर्यंत तशीच.