झोपून नाही हो, उभं राहून

वर कुणीतरी लिहिलंय की मायकेलँजेलोने व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपेलचं (पोपच्या प्रार्थनागृहाचं) छत चार वर्षं पाठीवर झोपून रंगवलं. तसं नाहीये ते, परांचीवर उभा राहून, मान मागे टाकून काम करायचा तो. त्याने स्वतःच यावर एक तक्रारखोर सुनीत लिहिलंय, गळ्याला गलगंड आलाय, दाढी आभाळाकडे, ब्रशातून रंग ठिबकून तोंडाची पार फरशी झालीय वगैरे, आणि बाजूला हात वर करून उभ्या माणसाचं छोटंसं स्केच. अजून काय पुरावा पाहिजे!

हे छत म्हणजे फ्रेस्को, ओल्या गिलाव्यावरचं चित्र, आणि त्यात सगळी घाईच. चुन्याचा ओला गिलावा एका दिवसात रंगवून होईल तेवढाच लावायचा, तो सुकायच्या आत रंग मुरला पाहिजे, उरलेला कापून टाकायचा. नुसत्या आदमच्या (बायबलमधला पहिला माणूस) आकृतीला असे एकेका दिवसाचे चार तुकडे लागले. बायबलमधल्या नोहाच्या गोष्टीतल्या प्रलयाच्या चित्रावर तर बुरशीच धरली, हा पठ्ठ्या वैतागून काम सोडायला निघालेला.

आणि आकृत्या एका टोकाला बारीक का असं विचारलं होतं ना, तर त्याने सुरुवात दाराकडून, नोहाच्या गोष्टींपासून केली, प्रलयात इतकी गर्दी कोंबली की वीस मीटर खालून माणसं नीट कळेनात. वेदीकडे जाईपर्यंत आकृत्या कमी आणि अवाढव्य झाल्या. सगळे देवाकडे पसरलेलं आदमचं बोट बघतात, मला विचाराल तर वेदीवरचा योना (बायबलमधला संदेष्टा) बघा, तिथलं छत पुढे झुकलंय आणि हा बाबा मागे रेललेला दिसतो!