कृपादाने कोणासाठी, आणि ख्रिस्ताने वचन दिले तरी नक्की कशाचे?

ओसरीवरचा

आजारी माणसाच्या उशाशी उभे राहून "वचन आहे हो, तुमचाच विश्वास कमी पडतोय" असे सांगणारे इतके झालेत की आता त्यांना कोणी अडवतही नाही. माझे म्हणणे स्पष्ट आहे. नव्या करारात आजाऱ्याला कोणी असे सुनावलेले मला सापडत नाही. मत्तय १७ मध्ये शिष्यांना एका आजारी मुलाला बरे करता आले नाही, तेव्हा येशूने अल्पविश्वासाचा ठपका शिष्यांवर ठेवला. मुलाला एका शब्दाने बोल लावला नाही. आपण तो ठपका उचलून थेट खाटेवरच्या माणसाच्या अंगावर टाकतो.

आता कृपादानांचे, म्हणजे पवित्र आत्मा विश्वासणाऱ्यांना देतो त्या देणग्यांचे. करिंथच्या मंडळीला कुठल्याच कृपादानाची उणीव नव्हती, असे प्रेषित पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात लिहितो. त्याच मंडळीत तट पडले होते, भाऊ भावाला कोर्टात खेचत होता आणि प्रभुभोजनाच्या वेळी कोणी उपाशी तर कोणी झिंगलेला असायचा. दान मिळाले म्हणजे माणूस आत्मिक बाबतीत पिकला, हा समज तिथेच निकालात निघतो. १२व्या अध्यायातली नऊ दानांची यादी सगळ्यांना तोंडपाठ असते: ज्ञानाचे वचन, विद्येचे वचन, विश्वास, निरोगी करणे, अद्भुत कार्ये, संदेश, आत्मे ओळखणे, अन्य भाषा (आत्म्याच्या प्रेरणेने अनोळखी भाषेत बोलणे), भाषांचा अर्थ. पण त्याच अध्यायाच्या शेवटी साहाय्य करणारे आणि व्यवस्था पाहणारेही आहेत. रोमकरांस १२ मध्ये सेवा, शिकवणे, देणे, दया करणे आहे. 'प्रभू, मला व्यवस्था पाहण्याचे दान दे' म्हणून रात्रभर उपासप्रार्थना करणारा मला अजून भेटायचाय.

वचनांबद्दल म्हणाल, तर योहान १४ ते १६ एका बैठकीत वाचा. येशूला अटक झाली त्याच रात्रीचे बोलणे आहे ते. दुसरा कैवारी (पवित्र आत्मा) देईन, अनाथ सोडणार नाही, माझी शांती देतो. आणि त्याच दमात, जगात तुम्हांला क्लेश होतील. सोबतीचे वचन आहे. निकालाचे नाही.

पन्नासावा दिवस

ओसरीवरचे, तुम्ही योहान १४ वाचायला सांगता आणि १२वी ओवी स्वतःच गाळता! जो माझ्यावर विश्वास ठेवतो तो मी करतो ती कृत्ये करील, त्याहून मोठी करील. हे निकालाचे नाही तर कशाचे वचन? याकोब ५ तर आणखी उघड बोलतो: विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. 'कदाचित' वगैरे भानगड नाही. आणि येशूचे गाव नासरेथ? मार्क ६ मध्ये स्वतः येशूला तिथे थोड्या रोग्यांवर हात ठेवण्यापलीकडे महत्कृत्य करता आले नाही, त्यांच्या अविश्वासाचे त्याला आश्चर्य वाटले. म्हणजे विश्वासाचा काहीच संबंध नाही असे म्हणता येत नाही.

दुसरे असे की तुमच्यासारखी माणसे दानांबद्दल बोलताना नेहमी करिंथच्या भानगडींपासून सुरुवात करतात. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटपासून करा की. १९०६ साली विल्यम सीमोर नावाचा काळा पाळक, गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांचा मुलगा. काळे-गोरे एका बाकावर बसत नव्हते त्या काळात त्याच्या सभेत शेजारी गुडघे टेकत होते. त्याच्या आदल्याच वर्षी, १९०५ मध्ये, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जागृती झाली होती. पेत्राने पन्नासाव्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, सांगितले की हे वचन तुम्हांला, तुमच्या मुलाबाळांना आणि दूर असलेल्या सगळ्यांना आहे. त्याला मुदत घातलेली मला तरी दिसत नाही.

जाड भिंग

मुदत आहे, तुम्हाला ती बघायची नाही. इफिसकरांस २:२० मध्ये प्रेषित आणि संदेष्टे हे पाया आहेत. पाया एकदाच घालतात, दर मजल्याला नव्याने नाही. इब्री २ मध्ये चिन्हे-अद्भुते कशासाठी, तर ज्यांनी प्रभूचे प्रत्यक्ष ऐकले त्यांच्या साक्षीला दुजोरा म्हणून. साक्ष लिहून झाली, शास्त्र हाती आले, काम संपले. चौथ्या शतकातच प्रसिद्ध उपदेशक क्रिसोस्तोम म्हणतो की करिंथकरांच्या पत्रातला हा भाग कळायला अवघड आहे, कारण तेव्हा घडायचे ते आता घडत नाही. आणि माझ्या लेखी ओसरीवरचेही अर्धवटच बोलताहेत. दाने चालू आहेत म्हणायचे आणि त्यातली गैरसोयीची तेवढी बाजूला सारायची!

ओसरीवरचा

@जाड भिंग, क्रिसोस्तोम आणलात तर ऑगस्टीनलाही येऊ द्या. त्याचेही सुरुवातीचे मत तुमच्यासारखेच होते. पुढे उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोला बिशप असताना त्याने बऱ्या झालेल्यांच्या हकिगती लिहून घ्यायला लावल्या आणि दोन वर्षांच्या आत सत्तरच्या आसपास जमल्याचे तो नोंदवतो. ज्याला आपण बंदीचा साक्षीदार म्हणून उभे करतो तोच उलटतो. त्याच्याही आधी, दुसऱ्या शतकात, बिशप इरेनियस आपल्या काळातल्या दानांबद्दल लिहितो. प्रेषित गेले त्या दिवशी नळ बंद झाला, असे इतिहासात दिसत नाही.

@पन्नासावा दिवस, १२वी ओवी मी गाळत नाही. पण 'त्याहून मोठी' म्हणजे येशूने चार दिवसांनी उठवलेल्या लाजराहून जास्त दिवसांचा मेलेला उठवणे, असे तुम्हीही मानत नसाल. नासरेथच्या लोकांनी येशूला झिडकारले होते. औषध घेत, रडत, तरी प्रार्थना करणाऱ्या बाईला त्यांच्या रांगेत बसवणे हा अन्याय आहे. रमाबाईंचे नाव घेतलेत ते बरे केलेत. अन्य भाषांना त्यांनी विरोध केला नाही, पण आत्म्याने भरल्याची तीच एक खूण असेही मानले नाही. एवढे तरी त्यांच्याकडून घ्या.

शंकेखोर

तुमच्या घरगुती भांडणात बाहेरच्याने तोंड घालू नये, पण घालतो.

२००६ साली अमेरिकेत बायपास झालेल्या १८०२ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. तीन गट. प्रार्थना होणार की नाही हे माहीत नसलेल्यांत, प्रार्थना झालेल्यांपैकी ५२ टक्क्यांना गुंतागुंत झाली, न झालेल्यांपैकी ५१ टक्क्यांना. आणि प्रार्थना नक्की होणार असे ज्यांना सांगितले होते त्यांच्यात ५९ टक्के! अन्य भाषांबद्दल विल्यम समॅरिन या भाषाशास्त्रज्ञाने १९७२ मध्येच दाखवले की बोलणाऱ्याच्या तोंडी येणारे ध्वनी त्याच्या स्वतःच्या ओळखीच्या भाषांतलेच असतात आणि त्यांना भाषेसारखी रचना नसते.

माझा मुद्दा साधा आहे. वचन तपासता येते म्हणता? तपासले, हा निकाल. तपासता येत नाही म्हणता? मग ते आजाऱ्याला आधी सांगा, बरा झाला नाही की मग नव्हे.

पन्नासावा दिवस

त्या चाचणीत अनोळखी गटांना रुग्णाचे पहिले नाव आणि आडनावाचे आद्याक्षर दिले होते, आणि एक ठरलेले वाक्य प्रार्थनेत घालायचे होते. याकोबाची प्रार्थना अशी नसते. आजारी माणूस स्वतः मंडळीच्या वडीलजनांना बोलावतो, ते घरी येतात, तेल लावतात, पापे एकमेकांजवळ कबूल करायची असतात. आमच्याकडे वडील बोट तेलात बुडवतात आणि कपाळाला लावायच्या आधी विचारतात, "कोणाशी अबोला आहे का?" कित्येकदा तिथेच सगळे थांबते आणि निम्मी संध्याकाळ त्या अबोल्यावरच जाते. हे तक्त्यात कुठल्या रकान्यात भरणार?

अन्य भाषेला व्याकरण असते असा माझा दावा नाही. पौल म्हणतो, तो माणसांशी नाही तर देवाशी बोलतो.

शंकेखोर

पेत्राच्या त्या पन्नासाव्या दिवशी मात्र पार्थी, मेदी, एलामी सगळ्यांना आपापली भाषा ऐकू आली होती. म्हणजे एकाच दानाला, सोयीप्रमाणे, एकदा व्याकरण आहे आणि एकदा नाही. असो. अबोल्याचे आवडले, हे मान्य करतो. पण अबोला सुटणे आणि गाठ विरघळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

निशिगंध

मी विश्वासणारी आहे, तरी शंकेखोरांचे शेवटचे वाक्य वाचून थांबले. माझ्या बहिणीला एका सभेत सांगितले गेले की गोळ्या चालू ठेवणे म्हणजे वचनावर अविश्वास. ती गोळ्या बंद करायला धजली नाही, पण गोळ्यांची पट्टी उशीच्या खोळीत लपवायला लागली. प्रार्थनेला येणाऱ्या बहिणींच्या नजरेला पडू नये म्हणून. आजाराशी झुंजायचे आणि वर गोळी गिळताना चोरी केल्यासारखे इकडेतिकडे बघायचे. "माझी कृपा तुला पुरे आहे" हे वाक्य तिला त्या दोन वर्षांत एकाही वक्त्याने ऐकवले नाही. पौलाने शरीरातला काटा, म्हणजे सतावणारा त्रास, काढून टाक म्हणून देवाला तीनदा विनवले आणि काटा राहिला. त्याचा विश्वास कमी होता का? पन्नासावा दिवस, मला उत्तर तुमच्याकडून हवे आहे, ओसरीवरच्यांकडून नको, ते काय म्हणणार ते मला ठाऊक आहे.

पन्नासावा दिवस

ताई, नाही. पौलाचा विश्वास कमी नव्हता. त्याने आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी सोडले, तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, आणि त्याच्या सोबत्यांत लूक वैद्य होता. गोळ्या बंद करा म्हणणाऱ्याला आमच्या वडीलजनांनी व्यासपीठावर पाय ठेवू दिला नसता. तुमच्या बहिणीशी जे झाले त्याला मी कृपादान म्हणणार नाही. मत्तय ७ मध्ये तुझ्या नावाने अद्भुते केली म्हणणाऱ्यांना प्रभू म्हणतो, मला तुमची ओळख नव्हती. ते आमच्यासारख्यांनाच उद्देशून आहे, हे मी जाणतो.

पण म्हणून मागणे सोडणार नाही. ओसरीवरचे म्हणतात सोबतीचे वचन आहे, निकालाचे नाही. मी म्हणतो, सोबत असलेल्याकडे मागायचे नाही तर कोणाकडे?

ओसरीवरचा

मागू नका असे मी कुठे म्हटले? मागा, रोज मागा. "तुझ्या इच्छेप्रमाणे" हे योहानाच्या पहिल्या पत्रातले पथ्य पाळून मागा. मिळाले नाही तर हिशेब आजाऱ्याच्या नावावर मांडू नका, एवढेच.

आणि एक विचारतो. त्रफिमाची ओवी तुमच्या सभेत, तेल लावायच्या आधी, मोठ्याने वाचाल का?

पन्नासावा दिवस

वडीलजनांना विचारावे लागेल. मी वाचायला तयार आहे, पण वाचून झाल्यावर लगेच प्रार्थनेसाठी पुढे या म्हणून हाक देणार, हेही आत्ताच सांगून ठेवतो.

जाड भिंग

आणि अन्य भाषेत दोघे, फार तर तिघे, आळीपाळीने, अर्थ सांगणारा नसेल तर गप्प. १ करिंथ १४:२७-२८. तीही वाचून घ्या लगे हात, सभा निम्म्या वेळात आटपेल.