मदत हवी आहे: क्लॅरिनेट घेताना दुकानात नेमकं काय वाजवून बघू?

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याचा. दांडिया बाजारात गणेशोत्सवात आणि एरवी नाट्यगीतांच्या कार्यक्रमांना क्लॅरिनेटची साथ करतो. आजवर प्लॅस्टिकच्या शिकाऊ वाद्यावर भागवलं, आता मुंबईला जाऊन चांगलं बी-फ्लॅट क्लॅरिनेट (नेहमीच्या वापरातला प्रकार) घ्यायचंय. बफे क्रॅम्पोंचं आर-१३ आणि यामाहाचं सीएसव्हीआर, दोन्ही मनात आहेत. माऊथपीस (फुंकायचा तोंडाचा भाग) आणि त्यावरच्या रुळलेल्या रीड (कंप पावणाऱ्या पातळ पट्ट्या) माझ्याच नेणार, म्हणजे जो फरक जाणवेल तो वाद्याचाच.

खरा प्रश्न सुराचा आहे. पेटी ४४० हर्ट्झच्या ठरीव सुराला लावलेली, ती हलत नाही. बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, नळीतली हवा तापते आणि क्लॅरिनेटचा सूर चढतो. बॅरल (माऊथपीसखालचा नळीचा छोटा तुकडा) ओढून उतरवावं तर मधले जी, ए, बी-फ्लॅट भसकन उतरतात आणि खालचे स्वर त्यामानानं जागच्या जागी राहतात. आमच्या गायिका काळी चारमध्ये गातात, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी त्यांचा षड्ज. त्यांचा तार षड्ज बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर नेमका त्याच बी-फ्लॅटवर येतो, जो मुळातच फुसका, हवा मिसळलेला! आणि तिथून रिषभावर जायचं तर जवळजवळ सगळी बोटं एकदम खाली. मींड घेताना तिथे सांधा दिसतो आणि गाण्याचा रंग उतरतो. मला याचं फार वाईट वाटतं.

दुकानात एसी असतो, तिथे सगळीच वाद्यं सुरात वाटणार. मी फोनवर काळी चारचा तानपुरा लावून सा-रे-सा हळूहळू वाजवून बघणार आहे. आणखी काय तपासावं? ६६ ऐवजी ६७ मिलिमीटरचं बॅरल मागून घेतलं तर उन्हाळ्यात कमी ओढावं लागेल का, की मधले स्वर तसेच बिघडतील?

दुसरं, लाकडाचं. कोरडा उन्हाळा, पाठोपाठ पावसाळा, यात ग्रेनाडिलाला (क्लॅरिनेटच्या काळ्या लाकडाला) तडा जायची भीती वाटते. बफेचं ग्रीनलाइन लाकडाच्या भुग्याचं आणि कार्बन फायबरचं असतं, ते तडकत नाही. पण त्याचा आवाज नाट्यगीताला भरीव वाटतो का? दोन्ही वाजवलेल्यांनी कृपया सांगा.

काळी चारला साथ करणारं कुणी असेल तर त्या बी-फ्लॅटला उजव्या हाताची कोणती बोटं जोडता, तेही लिहा.